चिपवरची नक्षी कशासाठी?

प्रयोगशाळेत जिवंत पेशी वाढवण्यासाठीची आमची सिलिकॉन रबराची चिप हातात घेतली की बहुतेक जण आधी किंमत विचारतात आणि मग म्हणतात, ‘एवढी बारीक नक्षी हवीच कशाला? पेशी पेट्री डिशमध्ये, म्हणजे साध्या उथळ बशीतही वाढतातच की!’ किंमत दरपत्रकात आहे. दुसऱ्या शंकेसाठी हे पत्रक.

पेशी म्हणजे पडद्यात भरलेला द्रव, हे चित्र शाळेपासून डोक्यात बसलेले असते. खरे तर आत प्रथिनांच्या तंतूंचा सांगाडा असतो : सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे ॲक्टिन, २५ नॅनोमीटरच्या पोकळ मायक्रोट्यूब्यूल आणि मधल्या जाडीचे इंटरमीजिएट तंतू. अमेरिकी शास्त्रज्ञ डोनाल्ड इंगबर १९७०च्या दशकात येल विद्यापीठात शिकत होते. तिथल्या शिल्पकलेच्या वर्गात त्यांनी काड्या आणि ताणलेल्या दोऱ्यांची एक रचना पाहिली. दाबली की ती चपटी होई, सोडली की उसळून पुन्हा गोल. डिशला चिकटून पसरलेली पेशी ट्रिप्सिन (चिकटलेली प्रथिने तोडणारे एन्झाइम) घातल्यावर सुटते आणि अशीच गोल होते, हे प्रयोगशाळेत पेशी वाढवणाऱ्या कुणीही पाहिलेले असते. पेशीही ताण आणि दाब यांच्या तोलावर उभी असावी, असे इंगबर यांना वाटले. ॲक्टिन ओढते, मायक्रोट्यूब्यूल दाब सोसतात. हा आराखडा सगळ्यांना जसाच्या तसा मान्य नाही. पण त्यातून निघालेले प्रयोग भक्कम आहेत.

त्यातला आमच्या धंद्याशी थेट नाते सांगणारा प्रयोग १९९७चा. हार्वर्डमध्ये इंगबर आणि रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटांनी रबरी शिक्क्याने पृष्ठभागावर चिकट बेटे छापली आणि त्यांवर केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी सोडल्या. मोठ्या बेटावर पेशी ऐसपैस पसरली आणि वाढली. छोट्या बेटावर अंग चोरून बसली आणि मेली. पोषण दोघींना सारखेच. मग छोट्या बेटावर चिकटायला जागाच कमी मिळाली म्हणून ती मेली असेल का? ही शंका त्यांनी मोठ्या खुबीने निकालात काढली. तेवढीच चिकट जागा त्यांनी बारीक ठिपक्यांत विभागून दूरदूर पसरवली. पेशी ठिपक्यांवरून ताणून पसरली आणि जगली. म्हणजे निर्णायक ठरले ते चिकट जागेचे माप नव्हे, पेशीचा पसारा. आमच्या चिपवर ठिपक्यांचा आकार आणि त्यांच्यातले अंतर असे दोन वेगळे आकडे असतात, ते याचसाठी. मागणी नोंदवताना दोन्ही कळवा.

पुढे २०१० मध्ये इंगबर आणि डॅन ह्यू यांच्या गटाने चिपवरचे फुफ्फुस तयार केले. मधे छिद्रे असलेला पातळ पडदा, वर हवेच्या बाजूला वायुकोशाच्या पेशी, खाली रक्तवाहिनीच्या. बाजूच्या पोकळ्यांतली हवा ओढली की पडदा श्वासासारखा ताणला जातो. हा ताण दिल्यावर सिलिकाचे सूक्ष्म कण पेशींत जास्त शिरले. स्थिर डिशमध्ये हे कळलेच नसते.

भारतातही २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत बदल होऊन प्राण्यांवरील चाचण्यांच्या बरोबरीने अशा चिपना जागा मिळाली. मात्र आमची चिप शिकवण्यासाठी आणि प्राथमिक संशोधनासाठी आहे. औषध मंजुरीच्या कागदपत्रांत तिचे निकाल जोडू नका.

वापराबद्दल दोन गोष्टी. चिपमधल्या बारीक वाहिनीत बुडबुडा अडकला की पेशी वाहून जातात, म्हणून आधी बफर (पेशींना मानवणारे क्षारांचे द्रावण) अगदी सावकाश भरा. घाई इथेच नडते. आणि दुसरी, जी विक्रेते सहसा सांगत नाहीत : हे रबर तेलात विरघळणारी छोटी औषधे स्वतःच शोषून घेते. तुम्ही घातलेली मात्रा पेशींपर्यंत पोहोचेलच असे नाही. मात्रेचा प्रयोग असेल तर पेशी न घातलेली एक चिप सोबत चालवा आणि तिच्यातून बाहेर आलेल्या द्रवातले औषध मोजा. अशी कोरी चिप हवी असल्यास मागणीपत्रावर तसे लिहा.