तुटलेला हात जोडणं आणि दुसऱ्याचा हात बसवणं

कडबाकुट्टीत हात सापडला, मनगटापासून तुटला, डॉक्टरांनी रात्रभर खपून तो जोडला. सकाळी नातेवाईक विचारतात, ‘शरीराने हात स्वीकारला का?’ काळजीपोटीच विचारतात, पण हा प्रश्न इथे लागूच होत नाही. तो विचारायचा मेंदूमृत दात्याचा हात बसवलेल्या माणसाबद्दल. वर्तमानपत्रातल्या फोटोत मात्र दोघं सारखेच दिसतात: बँडेज, फळीवर टेकवलेला हात आणि मागे हसरे डॉक्टर.

ऑपरेशन थिएटरमध्येही फरक फारसा नसतो. हाडं प्लेट-स्क्रूने जुळवायची, स्नायूंचे कंडरे शिवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली केसापेक्षा बारीक धाग्याने रक्तवाहिन्या आणि नसा (म्हणजे मज्जातंतू) जोडायच्या. नस पुढे दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणून बोटांत संवेदना यायला दोघांनाही महिनोन् महिने लागतात. टाके निघाल्यावर मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

स्वतःचाच हात जोडला असेल तर रोगप्रतिकारशक्तीची त्याच्याशी काहीच तक्रार नसते. त्या पेशी तिच्या ओळखीच्या आहेत. इथे शत्रू दोन, वेळ आणि रक्ताची गुठळी. मनगटावरून तुटलेल्या हातातले स्नायू रक्ताविना सहा तासांच्या आसपास तग धरतात, थंड ठेवला तर थोडे जास्त. म्हणून तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा आणि ती पिशवी बर्फात ठेवायची. थेट बर्फावर ठेवलेला हात बर्फानेच खराब होतो, आणि ही चूक अजूनही होते. जोडल्यावर पहिले काही दिवस नर्स तासातासाला बोटं बघते. पांढरी आणि गार पडली तर धमनी तुंबली, निळी-जांभळी होऊन फुगली तर शीर. तो टप्पा पार पडला की फिजिओथेरपी, नंतर एखाददुसरी शस्त्रक्रिया. प्रतिकारशक्ती दाबणारी एकही गोळी लागत नाही.

दात्याच्या हाताची कथा नेमकी इथून सुरू होते. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीवर एचएलए नावाच्या प्रथिनांची खूण असते आणि ती माणसागणिक वेगळी. परक्या खुणा दिसल्या की टी-पेशी, म्हणजे हल्ला करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, चालून येतात. मूत्रपिंडाच्या बाबतीतही हेच घडतं, पण हात आणि चेहरा यांच्यासोबत त्वचा येते, आणि प्रतिकारशक्तीला सगळ्यात जास्त चिथावणारी ऊती हीच. कारणही सरळ आहे. बाहेरच्या जंतूंना अडवायचं त्वचेचं काम, म्हणून तिच्यात पहारेकरी पेशी ठासून भरलेल्या. दात्याच्या त्वचेतले हे पहारेकरी नव्या शरीरात आले की तिथल्या टी-पेशींना चेतवतात.

मग हातावर लालसर चट्टे उठतात, सूज येते. त्वचेचा चार-पाच मिलिमीटरचा तुकडा काढून तपासला की टी-पेशी रक्तवाहिन्यांभोवती गोळा झालेल्या दिसतात. हात बसवलेल्यांपैकी सुमारे 85 टक्के लोकांना पहिल्या वर्षात असा झटका, म्हणजे शरीराने परका अवयव नाकारणं, एकदा तरी येतो. बहुतेक वेळा स्टेरॉइडचे मोठे डोस, वरून लावायचं मलम, गोळ्यांत फेरफार एवढ्यावर भागतं. शिवाय मूत्रपिंडाचा नकार रक्ततपासणीत शोधावा लागतो, इथे रुग्ण स्वतःच बघू शकतो. थोडक्यात, पांढरं किंवा निळं पडणं हा रक्तप्रवाहाचा घोटाळा, लाल चट्टे हा प्रतिकारशक्तीचा. पण यावर फार विसंबू नये. दीर्घकालीन नकारात रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर जाड होत जातं आणि त्वचा त्याची वर्दी देईलच असं नाही. अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या एका रुग्णाचा हात असाच नऊएक महिन्यांत गेला.

एकाच माणसाच्या वाट्याला दोन्ही आलं, असंही उदाहरण आहे. न्यूझीलंडच्या क्लिंट हॅलमचा हात 1984 मध्ये गोल करवतीत तुटला. डॉक्टरांनी तोच जोडला, शरीराने काही खळखळ केली नाही, पण हात कामाचा राहिला नाही आणि काही वर्षांनी काढावा लागला. सप्टेंबर 1998 मध्ये फ्रान्समधल्या लियोंला झाँ-मिशेल दुबेर्नार यांच्या पथकाने त्याला दात्याचा हात बसवला. तो हालचाल करू लागला. पुढे हॅलमने औषधं सोडली, नकार सुरू झाला आणि फेब्रुवारी 2001 मध्ये लंडनमध्ये हात कापून काढला. पहिल्या हाताला गोळ्यांची गरजच नव्हती, दुसरा गोळ्यांवरच उभा होता.

चेहऱ्याचंही तसंच. 1994 मध्ये पंजाबातल्या एका लहान मुलीचे केस मळणीयंत्रात अडकून चेहरा डोक्याच्या त्वचेसकट निघाला. प्लास्टिकच्या पिशवीतून दोन तुकड्यांत आणलेला तो चेहरा लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. अब्राहम थॉमस यांनी जोडला. तिचाच चेहरा, त्यामुळे नकाराचा प्रश्न नाही. 2005 मध्ये फ्रान्समधल्या आमिएँला इझाबेल दिनुआर यांना दात्याच्या चेहऱ्याचा भाग बसवला, तेव्हा दात्याच्याच त्वचेचा एक तुकडा त्यांच्या स्तनाखालीही लावून ठेवला होता. तपासणीसाठी चेहऱ्यालाच वारंवार टोचावं लागू नये म्हणून. ही युक्ती मला फार आवडते. पण आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबून ठेवण्याची किंमत मोठी असते. जंतुसंसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडांची हानी, कर्करोग. दिनुआर यांना कर्करोगाने गाठलं आणि 2016 मध्ये त्या गेल्या.

म्हणून जोडायचा निर्णय अपघात विभागात काही मिनिटांत होतो, बसवायचा निर्णय महिने घेतो. भारतात 2015 मध्ये कोचीला पहिल्यांदा हात बसवले गेले, 2020 मध्ये मुंबईत परळला. एक हात शाबूत असेल तर बरीच पथकं कचरतात, कारण हाताविना माणूस मरत नाही आणि औषधांनी मात्र जिवाला धोका होऊ शकतो. दोन्ही हात गेलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही, तिथे हिशेब बदलतो. तरी त्याचीही आधी मानसोपचारतज्ज्ञ भेट घेतात, आणि हा माणूस दहा वर्षांनंतरही गोळी चुकवणार नाही ना, हे घरच्यांकडूनही जाणून घेतात.