कोल्हापूरच्या काळ्या दगडात डायनासोर का सापडत नाही?

विहीर खणताना नाहीतर खाणीत सुरुंग उडवल्यावर एखादा गोल गरगरीत दगड निघाला की आपल्याकडं लगेच व्हॉट्सॲपवर फोटो फिरायला लागतात, डायनासोरचं अंडं सापडलं म्हणून. लोकांना आपल्या मातीबद्दल कुतूहल आहे हे बघून बरंच वाटतं मला, पण तो दगड अंडं नसतो. पन्हाळ्याला जाताना जिथं रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं गाडी बाजूला घेऊन नीट बघा. काळ्या दगडाला उभ्या-आडव्या भेगा असतात, त्यातनं पाणी शिरतं, आणि चौकोनी तुकड्याच्या कोपऱ्यांवर तीन बाजूंनी मारा होत असल्यामुळं कोपरे आधी कुजतात. असं करत करत आत कडक काळा गोळा उरतो आणि त्याच्याभोवती पिवळट-तपकिरी साली सुटत जातात, कांद्यासारख्या. दगडातले पांढरे ठिपकेसुद्धा हाडं किंवा शिंपले नव्हेत, लाव्हारसात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या नंतर खनिजांनी भरल्या, त्याच त्या. आणि भेगेच्या आत फर्नच्या पानासारखी काळी नक्षी दिसली तर ते बहुतेक वेळा मँगनीज असतं, पान नव्हे.

मूळ मुद्दा असा की आपला हा दगड, म्हणजे बेसॉल्ट, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. डायनासोर म्हटलं की ज्याचं नाव आपल्या तोंडी येतं तो जुरासिक काळ साधारण 20 कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि साडेचौदा कोटींच्या आसपास संपला, म्हणजे आपला दगड तयार झाला तेव्हा जुरासिक संपून जवळजवळ 8 कोटी वर्षं उलटली होती. शिवाय हजार-अकराशे अंश तापलेल्या लाव्हात हाड टिकणार कसं? जीवाश्म व्हायला मेलेला प्राणी पटकन गाळात गाडला जायला पाहिजे, नदीच्या, तळ्याच्या किंवा समुद्राच्या.

मग बरेच जण विचारतात, लाव्हाच्या खाली असेल की जुरासिकचा थर? प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या शेजारीच मिळालंय. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला त्या भागात खोल बोअर मारली गेली, एक तर 3 किलोमीटर खोल. काही ठिकाणी किलोमीटरभर, काही ठिकाणी त्याहून जास्त बेसॉल्ट लागला आणि त्याच्या खाली थेट अब्जावधी वर्षं जुना ग्रॅनाइट, मध्ये गाळाचा थरच नाही! आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला गडहिंग्लज-भुदरगडकडं लाव्हाच्या खालनं जुना वाळूचा खडक डोकावतो, पण तो कलादगी नावाच्या फार जुन्या थरांचा, त्याच्या काळात डायनासोरच काय, साधा मासासुद्धा जन्माला आला नव्हता. याचा अर्थ मला फार मोठा वाटतो: जुरासिकच्या काळात हा मुलूख बहुधा उंचावर होता, झिजत होता, इथली माती वाहून दुसरीकडं चालली होती. इथं प्राणी फिरले असतील हो, झाडीही असेल, पण जिथं गाळ साचतच नाही तिथं नोंद राहात नाही. सह्याद्री नव्हता, पंचगंगा नव्हती, पश्चिमेला अरबी समुद्राच्या जागी मादागास्कर आपल्याला चिकटलेलं होतं.

ज्या भागात गाळ साचला तो आपल्याच राज्यात आहे, फक्त पार दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाकडं. तिथल्या कोटा गावावरनं त्या खडकांना नाव पडलंय, आणि त्यातनं चकचकीत जाड खवल्यांचे मासे दीडशेहून जास्त वर्षांपासून मिळताहेत. त्याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात 1960 च्या सुमारास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी एका प्रचंड शाकाहारी डायनासोरची सुमारे 300 हाडं खणून काढली, मोठमोठ्या दगड झालेल्या ओंडक्यांबरोबर. एकट्या मांडीचं हाड 1.7 मीटर, म्हणजे माणसाएवढं! रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीची आठवण म्हणून 1975 साली त्याला बारापासॉरस टागोराय असं नाव दिलं. कवटी मात्र मिळाली नाही, नुसते दात मिळाले. त्याचा सांगाडा कोलकात्यात उभा आहे. आपल्याला तेवढं लांब जमत नसेल तर हैदराबादच्या बिर्ला सायन्स म्युझियममध्ये याच कोटा खडकांतला कोटासॉरस बघायला मिळतो, पोरांना घेऊन जाच. सिरोंचाजवळ वडधमला जीवाश्म पार्कही आहे.

आणि खरा जुरासिक जीवाश्म हातात घेऊन बघायचा असेल तर प्रवासाचीही गरज नाही, कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत तो रोज पुजला जातो. शाळिग्राम. नेपाळातल्या काळी गंडकीच्या पात्रात मिळणारे चक्रवाले शाळिग्राम म्हणजे जुरासिकच्या उत्तरार्धात समुद्रात पोहणारे अमोनाइट, माकूळ आणि ऑक्टोपसचे लांबचे भाऊबंद. तो समुद्र भारताच्या उत्तरेला होता, नंतर भूखंड आदळले, हिमालय वर आला आणि समुद्राचा तळही त्याच्याबरोबर वर चढला. पुढच्या वेळी अभिषेक झाला की शाळिग्राम उजेडात तिरपा धरून बघा, चक्रावर एकाआड एक उंच वळ्या दिसतील, ती शंखाच्या कवचावरची नक्षी. आतनं हा शंख भिंती घालून कप्प्याकप्प्यांचा केलेला असतो. प्राणी राहायचा फक्त शेवटच्या मोठ्या कप्प्यात, बाकीच्या कप्प्यांमधलं पाणी एका बारीक नळीनं काढून तिथं वायू भरायचा, म्हणून एवढं जड कवच घेऊनही तो बुडत नव्हता.