मासळीतला पारा आणि बाळंतिणीची मोरी

बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं कालवण देण्याची रीत कोकणातली. कोकण-गोव्याशी सोयरीक असलेल्या बेळगाव-खानापूरकडच्या घरांतही ती पाळली जाते. बेळगावला समुद्र नसला तरी चोर्ला, अनमोड आणि आंबोलीच्या वाटांनी मासळी इथं येते, आणि पावसाळ्याआधी सुकी मासळी भरून ठेवली जाते. मोरी आकारानं लहान दिसली तरी तिची जात शार्कची आहे, आणि माशातून अंगात येणाऱ्या पाऱ्याचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

हा प्रश्न जगाला कळला तो जपानमधल्या मिनामाता गावामुळे. तिथला रासायनिक कारखाना १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनवत होता. त्यासाठी वापरलेला पारा सांडपाण्यातून खाडीत जाई. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच इस्पितळाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी मेंदूच्या एका अनोळखी आजाराची खबर सरकारी आरोग्य केंद्राला दिली. हातपाय थरथरत होते, बोलणं अडखळत होतं, नजर आकसत होती. आजारी पडले होते ते मुख्यतः कोळ्यांच्या घरातले लोक, आणि त्यांच्या मांजरीही. १९५९ मध्ये होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी मिसळलेलं अन्न मांजराला दिलं, तेव्हा त्याला तोच आजार जडला. कंपनीनं हा प्रयोग लोकांपासून लपवला आणि पाऱ्याची ती प्रक्रिया १९६८ पर्यंत चालू राहिली. मधल्या नऊ वर्षांत लोक त्याच खाडीतले मासे खात राहिले. या इतिहासातली सर्वांत संतापजनक गोष्ट मला हीच वाटते.

गर्भाशयातली वार (प्लॅसेंटा) हे बाळाचं कवच आहे, असं तोवर वैद्यक मानत होतं. मिनामातात आईला फारसा त्रास नसतानाही बाळं मेंदूला गंभीर इजा घेऊन जन्मली आणि ती समजूत मोडली.

पाण्यातले जीवाणू पाऱ्याचं मिथिल पाऱ्यात, म्हणजे त्याच्या जास्त विषारी रूपात, रूपांतर करतात, हे १९६९ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं. हा पारा शेवाळातून छोट्या माशात आणि छोट्यातून मोठ्यात जातो, आणि दर पायरीवर वाढत जातो. तो माशाच्या मांसातल्या प्रथिनांना चिकटून बसतो. म्हणून मासा धुतला, तळला किंवा आमसूल घालून उकळला तरी तो निघत नाही. सुकवल्यावर फक्त पाणी जातं, पारा तिथंच राहतो. माणसाच्या शरीरातला निम्मा पारा बाहेर पडायला साधारण ५० दिवस लागतात. रोज असा मासा खाणाऱ्याच्या अंगात तो साठतो तो यामुळे.

आपल्याकडे पाण्यात पारा सोडण्यात कॉस्टिक सोड्याच्या जुन्या कारखान्यांचा वाटा मोठा होता. ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्याचा अभ्यास झाला आहे. कारवारजवळ बिणग्यालाही कॉस्टिक सोड्याचा कारखाना आहे. २००३ नंतर देशातल्या या उद्योगानं पारा वापरणारे सेल (सोडा बनवायच्या विजेच्या टाक्या) टप्प्याटप्प्यानं बंद करून बिनपाऱ्याची मेम्ब्रेन पद्धत घेतली. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाला आणि भारतानं त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. पण कोळशाच्या धुरातून उडालेला पारा दूरच्या समुद्रातही पडतो, त्यामुळे फक्त जवळचा कारखाना सुधारून भागत नाही.

मग मासळी सोडायची का? मुळीच नाही. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर लोक पायलट व्हेल या लहान देवमाशाचं मांस खातात. तिथल्या मुलांच्या अभ्यासात गरोदरपणातल्या पाऱ्याचा संबंध स्मरण आणि भाषेतल्या कमतरतेशी दिसला. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर मात्र लोक रोज समुद्रातली मासळी खात असूनही तसं ठळक नुकसान आढळलं नाही. माशातली पोषक चरबी बाळाच्या मेंदूला हवीच असते. अमेरिकेनं २००१ मध्ये गरोदर बायकांना शार्क आणि सुरमईच्या जातीतला मोठा किंग मॅकरेल टाळायला सांगितलं, सगळी मासळी नव्हे.

हे आपल्या बाजाराला जसंच्या तसं लावता येतं. तारली आणि बांगडा आयुष्यानं लहान, खातात बारीक जीव, त्यामुळे त्यांच्यात पारा कमी असतो. मोरी आणि मोठी सुरमई दुसऱ्या माशांवर जगतात. गरोदर बाई, बाळंतीण आणि लहान मुलं यांच्या ताटात या दोघी क्वचितच याव्यात. बाळंतिणीला कालवण जरूर द्यावं, पण ते तारलीचं. ही गोष्ट सासूबाईंनाही सांगायला हवी, कारण बाळंतिणीचा आहार अजून बहुतेक घरांत त्याच ठरवतात.