रिकाम्या खुर्चीचं राजकारण : सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुकांची पार्श्वभूमी

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश वयाची ६५ वर्षं पूर्ण झाली की निवृत्त होतात. म्हणजे राजीनामा किंवा मृत्यू सोडला, तर कोणती जागा कधी रिकामी होणार हे त्यांनी शपथ घेतली त्याच दिवशी ठाऊक असतं. तरीही जागा महिनोन्‌महिने रिकाम्या राहतात. याचं मूळ राज्यघटनेच्या कलम १२४(२) मध्ये आहे. राष्ट्रपती नेमणूक करतील आणि त्याआधी सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करतील, एवढंच ते कलम सांगतं. विचारविनिमय म्हणजे संमती का? आणि तो किती दिवसांत पुरा व्हायला हवा? पहिला प्रश्न तीनदा न्यायालयापुढे आला. दुसऱ्याला आजही उत्तर नाही, आणि आताचं बहुतेक राजकारण त्या दुसऱ्या प्रश्नातच घडतं.

पहिला प्रश्न घटनाकारांच्या नजरेतून सुटला होता असं नाही. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी तीन पर्याय तपासले. इंग्लंडसारखं सगळं सरकारच्या हाती देणं त्यांना नको होतं. अमेरिकेप्रमाणे सिनेटची मंजुरी आणली तर नेमणुकीत पक्षीय दबाव शिरेल, असं त्यांना वाटत होतं. सरन्यायाधीशांच्या संमतीची अटही त्यांनी नाकारली, कारण सरन्यायाधीशही शेवटी माणूसच आणि माणसाचे गुणदोष त्यांच्यातही असणार. म्हणून मधला मार्ग निघाला, तो विचारविनिमयाचा. शब्द लवचीक होता, आणि सत्ता संयमी असेल तोवर तो पुरलाही.

२४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल ७ विरुद्ध ६ मतांनी लागला : संसदेला घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी सरन्यायाधीश सिक्री निवृत्त होत होते. सरकारने शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं. डावललेले तिघेही सरकारविरुद्ध गेलेल्या बहुमतात होते. तिघांनीही राजीनामे दिले. जानेवारी १९७७ मध्ये तेच पुन्हा घडलं. आणीबाणीत व्यक्तिस्वातंत्र्याच्या खटल्यात एकट्याने विरोधी निकाल देणारे एच. आर. खन्ना मागे पडले आणि एम. एच. बेग सरन्यायाधीश झाले. १९७८ मध्ये जनता सरकारपुढे उलटा पेच होता. ज्येष्ठतेने हक्क होता यशवंतराव चंद्रचूड यांचा, आणि आणीबाणीतल्या त्याच खटल्यात ते सरकारच्या बाजूने निकाल देणाऱ्या बहुमतात होते. सरकारने ज्येष्ठता मोडली नाही. माझ्या मते ज्येष्ठतेचा संकेत, म्हणजे सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशालाच सरन्यायाधीश करण्याची प्रथा, खऱ्या अर्थाने रुजला तो या निर्णयाने. आवडत्या माणसासाठी संकेत पाळायला कष्ट पडत नाहीत.

डिसेंबर १९८१ मध्ये न्यायालयाने स्वतःच सांगितलं की विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे. ६ ऑक्टोबर १९९३ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ते फिरवलं आणि अंतिम शब्द न्यायसंस्थेकडे घेतला. सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायाधीश यांचं न्यायवृंद, म्हणजे कॉलेजियम, तिथून आलं. १९९८ मध्ये दोनाचे चार ज्येष्ठ झाले. न्यायवृंदातल्या दोघांचा विरोध असेल तर सरन्यायाधीशांनी ते नाव रेटू नये, हेही तेव्हाच ठरलं. संसदेने ९९ व्या घटनादुरुस्तीने सहा सदस्यांचा नियुक्ती आयोग आणला. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी न्यायालयाने तो ४ विरुद्ध १ मतांनी रद्द केला.

प्रत्यक्षात फाइल अशी चालते. प्रस्ताव सरन्यायाधीश सुरू करतात. चार ज्येष्ठांची मतं लेखी घेतली जातात. उमेदवार ज्या उच्च न्यायालयाचा, तिथून सर्वोच्च न्यायालयात आलेल्या सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशांचंही मत लागतं. मग शिफारस विधी व न्याय मंत्र्यांकडे, तिथून पंतप्रधानांकडे आणि त्यांच्या सल्ल्याने राष्ट्रपतींकडे. मान्यता मिळाली की उमेदवाराने सिव्हिल सर्जन किंवा जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र द्यायचं. राष्ट्रपतींची नियुक्तिपत्रावर सही, राजपत्रात अधिसूचना, शपथ. सरकारने नाव कारणं देऊन परत पाठवलं आणि न्यायवृंदाने ते एकमताने पुन्हा पाठवलं, तर नेमणूक बंधनकारक आहे. पण केव्हापर्यंत, हे कुठेच लिहिलेलं नाही. एप्रिल २०२१ मध्ये उच्च न्यायालयांच्या नेमणुकांसाठी न्यायालयाने मुदती घालून दिल्या; पुन्हा पाठवलेल्या नावासाठी तीन ते चार आठवडे. सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकीला अशी मुदत नाही.

अडतं ते इथे. नकार द्यायचा तर कारण लिहावं लागतं. फाइल ठेवून द्यायला काहीच लागत नाही. दुसरा मार्ग यादी फोडण्याचा. १० जानेवारी २०१८ रोजी न्यायवृंदाने ज्येष्ठ वकील इंदू मल्होत्रा आणि उत्तराखंड उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश के. एम. जोसेफ अशी दोन नावं एकत्र पाठवली. मल्होत्रांचा शपथविधी एप्रिलमध्ये झाला, जोसेफ यांचं नाव परत आलं. अखिल भारतीय ज्येष्ठतेत ते ४२ वे आहेत आणि त्यांच्या मूळ केरळ उच्च न्यायालयाला आधीच प्रतिनिधित्व आहे, हे सरकारचं म्हणणं होतं. उत्तराखंडातली राष्ट्रपती राजवट त्यांनी २०१६ मध्ये रद्द केली होती, याकडे टीकाकारांनी बोट दाखवलं. जुलैमध्ये नाव पुन्हा गेलं आणि ७ ऑगस्टला तिघांचे शपथविधी झाले. त्यात जोसेफ तिसरे, आणि सर्वोच्च न्यायालयातली ज्येष्ठता शपथेच्या क्रमानेच ठरते. उच्च न्यायालयातल्या ज्येष्ठतेनुसार क्रम लावला, असं समर्थन झालं. पण जानेवारीतलं नाव वेळेत निघालं असतं तर ते इतर दोघांच्या पुढे असते.

सगळा दोष सरकारच्या माथी मारणं मात्र अन्यायाचं होईल. नोव्हेंबर २०१९ ते एप्रिल २०२१ या काळात, शरद बोबडे सरन्यायाधीश असताना, सर्वोच्च न्यायालयात एकही नवा न्यायाधीश आला नाही. ३० सप्टेंबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित यांनी चार नावांवर न्यायवृंदातल्या इतर चौघांची संमती बैठकीऐवजी पत्राने मागितली. दोघांनी होकार दिला, दोघांनी या पद्धतीलाच हरकत घेतली. ७ ऑक्टोबरला मंत्र्यांचं पत्र आलं : उत्तराधिकाऱ्याचं नाव कळवा. पुढचा सरन्यायाधीश ठरायला लागला की मावळत्याने नव्या शिफारशी करायच्या नाहीत, असा संकेत आहे. प्रक्रिया तिथेच बंद झाली. लळितांची एकूण कारकीर्दच ७४ दिवसांची होती.

तारखेचं वजन कळायला ३१ ऑगस्ट २०२१ चा दिवस पाहावा. त्या एका सकाळी नऊ जणांनी शपथ घेतली. ज्येष्ठतेचा संकेत टिकला तर त्यांतले विक्रम नाथ, बी. व्ही. नागरत्ना आणि पी. एस. नरसिंह २०२७ मध्ये एकापाठोपाठ सरन्यायाधीश होतात. नागरत्ना या पदावरच्या पहिल्या महिला ठरतील, आणि त्यांना मिळतील ते जेमतेम पाच आठवडे.