किडनीचा आजार, पक्षाघात आणि हिमोग्लोबिनचा आकडा

डायलिसिस सेंटरमध्ये महिन्याचा रिपोर्ट हातात आला की रुग्ण आणि नातेवाईक आधी दोनच आकडे बघतात, क्रिॲटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा) आणि हिमोग्लोबिन. क्रिॲटिनिनचं आता काही होणार नाही, हे सगळ्यांना कळून चुकलेलं असतं. हिमोग्लोबिनचं तसं नाही. आकडा १०.८ आला आणि शेजारी ‘नॉर्मल १३ ते १७’ असं छापलेलं असलं की पहिला प्रश्न ठरलेला: रक्त वाढवणारं इंजेक्शन वाढवायचं का? डॉक्टर ‘नको, एवढं पुरे’ म्हणाले तर ते मनाला पटत नाही. त्या ‘नको’मागे वीसेक वर्षांचा वाद आहे, आणि त्या वादाच्या केंद्रस्थानी पक्षाघात आहे.

किडनी आणि हृदय यांचं नातं जुनंच. १८३६ साली लंडनच्या एका डॉक्टरने लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या शंभर रुग्णांचा तक्ता प्रसिद्ध केला. शवविच्छेदनात किडन्या आक्रसलेल्या दिसत आणि त्यांच्याबरोबर हृदयाचा डावा कप्पा जाड झालेला दिसे. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची सोय यायला अजून साठ वर्षं होती. तरी रक्ताला वाहताना कुठेतरी जास्त जोर लावावा लागतोय, हे त्याने ओळखलं होतं.

खरा धक्का डायलिसिसमुळे माणसं जगायला लागल्यावर बसला. १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिॲटल शहरात हातात कायमची नळी बसवून पुन्हा पुन्हा डायलिसिस करणं शक्य झालं. एरवी काही आठवड्यांत गेली असती ती माणसं वर्षानुवर्षं जगू लागली. १९७४ मध्ये त्याच शहरातून ३९ रुग्णांचा अहवाल आला. त्यांच्यातले १४ मृत्यू रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद झाल्यामुळे झाले होते: ८ हार्ट अटॅकने, ३ पक्षाघाताने, ३ हृदय निकामी होऊन. किडनीचं काम यंत्राने सांभाळलं होतं, रक्तवाहिन्यांचं कुणी सांभाळलं नव्हतं.

पुढे आकडे वाढत गेले. १९९८ पर्यंत हिशेब असा झाला होता की डायलिसिसवरच्या माणसाचा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या दहा ते वीस पट आहे. पंचविशी-तिशीतल्या रुग्णाचा धोका पंचाहत्तरीपुढच्या सर्वसाधारण माणसाएवढा भरत होता. २००४ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या ११ लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तेव्हा दिसलं की हा धोका डायलिसिसच्या खूप आधी सुरू होतो. किडनीची गाळणक्षमता मिनिटाला ४५ ते ५९ मिलिलिटरवर आली की हार्ट अटॅक, पक्षाघातासारख्या घटनांचा धोका दीडपटीच्या जवळ जातो, १५ ते २९ वर आली की पावणेतीन पटीच्याही वर. आणि याच काळात हृदयरोगाच्या मोठमोठ्या औषधचाचण्यांमध्ये ‘क्रिॲटिनिन जास्त असेल तर घेऊ नये’ ही अट सर्रास होती. ज्यांना धोका सर्वांत जास्त, त्यांच्यावर औषध तपासलंच गेलं नाही. मग इतरांना लागू पडलेलं यांनाही लागू पडेल, असं गृहीत धरून काम चालू राहिलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी चूक हीच. हिमोग्लोबिनच्या बाबतीत ती जितकी उघडी पडली तितकी दुसरीकडे कुठेच नाही.

हाडांच्या मगजाला रक्तपेशी तयार करायला सांगणारं संप्रेरक, एरिथ्रोपोएटिन, किडनीत तयार होतं. किडनी गेली की ते आटतं आणि रक्त कमी होत जातं. ऐंशीच्या दशकापर्यंत यावर रक्त चढवणं हाच मुख्य उपाय होता. त्यातून कावीळ, शरीरात लोह साचणं आणि पुढे किडनी बसवायची वेळ आली तर ती जुळण्यात अडचण हे सगळं मागे लागे. १९७७ मध्ये जपानमधल्या रुग्णांच्या २,५५० लिटर लघवीतून हे संप्रेरक थेंबभर शुद्ध स्वरूपात काढलं गेलं. मग त्याचं जनुक सापडलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत इंजेक्शनला परवानगी मिळाली. हिमोग्लोबिन ६-७ घेऊन जिना चढताना दम लागणारी माणसं पुन्हा कामावर जाऊ लागली. या औषधाने काय दिलं हे विसरून त्याचे दोष सांगणं अन्यायाचं होईल.

पहिल्या परवानगीत हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण) ३० ते ३३ ठेवायचं होतं, म्हणजे हिमोग्लोबिन साधारण १० ते ११. मग प्रश्न आला: तिथेच का थांबायचं? कमी रक्तामुळे हृदयावर ताण येतो, डावा कप्पा जाड होतो, तर रक्त पूर्ण नॉर्मल केलं की हृदय वाचेल. तर्क इतका सरळ होता की तपासून बघणं ही केवळ औपचारिकता वाटत होती. १९९८ मध्ये ती तपासणी झाली. हृदयविकार असलेले १,२३३ डायलिसिस रुग्ण घेतले. अर्ध्यांचं हिमॅटोक्रिट ४२ पर्यंत न्यायचं, अर्ध्यांचं ३० वर ठेवायचं. चाचणी मध्येच थांबवावी लागली. ४२ च्या गटात १८३ मृत्यू झाले होते, ३० च्या गटात १५०. डायलिसिससाठी हातात केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी (फिस्टुला किंवा ग्राफ्ट) रक्त गोठून बंद पडण्याचं प्रमाणही वरच्या गटात जास्त होतं.

इथेच ‘लक्ष्य’ या शब्दाचा गुंता सुरू होतो. त्याच चाचणीत दोन्ही गटांच्या आत बघितलं तर ज्यांचं हिमॅटोक्रिट जास्त वाढलं होतं ते जास्त जगले होते. डायलिसिसच्या मोठ्या नोंदवह्यांतूनही तेच दिसत होतं: हिमोग्लोबिन १२ चे रुग्ण १० च्या रुग्णांपेक्षा बरे. मग अनेकांनी निष्कर्ष काढला की वर न्यायलाच हवं. पण ज्याचं हिमोग्लोबिन थोड्या औषधात आपणहून चढतं, तो मुळात धडधाकट असतो. ज्याचं चढत नाही, त्याच्या अंगात आतला दाह, जंतुसंसर्ग, कुपोषण काहीतरी आधीच चालू असतं. डॉक्टर लक्ष्य गाठायचं म्हणून त्याचा डोस वाढवत राहतात. गाठलेला आकडा आणि गाठायला लावलेला आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक प्रकृतीची खूण, दुसरा उपचाराचा हुकूम. या फरकाकडे जवळजवळ दशकभर पुरेसं लक्ष गेलं नाही. त्यात अमेरिकेत सरकारी विमा डायलिसिस केंद्रांना वापरलेल्या औषधाच्या मात्रेनुसार पैसे देत होता, म्हणजे जितकं औषध जास्त, तितकं केंद्राचं उत्पन्न जास्त. केवळ यामुळे डोस वाढले असं मी म्हणणार नाही, पण ही गोष्ट वगळून तो काळ समजत नाही.

२००६ मध्ये दोन चाचण्या एकदम आल्या, डायलिसिसवर न गेलेल्या रुग्णांवरच्या. एकीत हिमोग्लोबिन १३.५ चं लक्ष्य ठेवलेल्यांत हृदयाच्या घटना आणि मृत्यू एकत्र धरले तर जास्त, दुसरीत फायदा नाही. २००७ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने औषधावर चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला. आणि २००९ मध्ये तो निकाल आला, ज्यामुळे आज तुमचे डॉक्टर ‘नको’ म्हणतात. मधुमेह, किडनीचा आजार आणि रक्त कमी असलेले ४,०३८ लोक त्यात होते. अर्ध्यांना १३ चं लक्ष्य ठेवून इंजेक्शन, अर्ध्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं इंजेक्शन. हिमोग्लोबिन ९ च्या खाली गेलं तरच त्यांना खरं औषध. पक्षाघात पहिल्या गटात १०१ जणांना झाला, दुसऱ्यात ५३ जणांना. जवळपास दुप्पट. मृत्यू आणि हृदयाच्या घटना एकत्र धरल्या तर फरक नव्हता, रक्त चढवण्याची गरज कमी झाली, थकवा थोडासा कमी झाला. या थोड्याशा उत्साहाची किंमत अर्धांगवायू असू शकते, हे पहिल्यांदा इतक्या स्वच्छपणे दिसलं.

हा पक्षाघात नेमका कशाने वाढला, याचं सोपं उत्तर पुढच्या विश्लेषणातही मिळालं नाही. रक्त दाट झालं, रक्तदाब वाढला, डोस जास्त पडला, असे अंदाज बांधले गेले. पण त्यांतलं एकही कारण पूर्ण पुरत नाही. २०११ मध्ये अमेरिकेत ठरावीक लक्ष्याची भाषाच काढून टाकली गेली. रक्त चढवावं लागू नये एवढाच कमीत कमी डोस द्या, असं सांगण्यात आलं. त्याच वर्षी पैशांची पद्धतही बदलली आणि औषध डायलिसिसच्या एकत्रित दरात आलं. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत साधारण ११.५ च्या वर नेऊ नये, १३ च्या वर तर मुद्दाम कधीच नेऊ नये, असं आलं.

बाकीच्या औषधांची कहाणीही याच वळणाने गेली. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधं डायलिसिस सुरू झाल्यावर दिली तर उपयोग होत नाही, हे दोन चाचण्यांत दिसलं. डायलिसिसच्या आधीच्या टप्प्यावर उपयोग होतो, हे २०११ मध्ये ९,२७० लोकांच्या चाचणीतून पुढे आलं. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या डायलिसिस रुग्णांना पक्षाघात टाळण्यासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या द्याव्यात का, हे आजही ठरलेलं नाही. जुन्या गोळीने रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचायला मदत होते. नव्यांपैकी एकीला अमेरिकेत डायलिसिससाठी जो डोस मान्य झाला, त्याचा आधार आठ रुग्णांवरचा एक छोटा अभ्यास होता. २०१९ नंतर मधुमेहाच्या एका गटातल्या गोळ्यांनी किडनी आणि हृदय दोन्ही वाचतात, असं एकामागून एक मोठ्या चाचण्यांत दिसलं. त्या चाचण्यांत किडनीचे रुग्ण मुद्दाम घेतले होते, हा बदल मला गोळीपेक्षाही मोठा वाटतो.

आता हिमोग्लोबिन वाढवणाऱ्या गोळ्या आल्या आहेत. त्यातली एक भारतातच विकसित झाली आणि २०२२ मध्ये तिला इथे परवानगी मिळाली. इंजेक्शन थंड ठेवण्याची कटकट नाही, हा आपल्या गावाखेड्यात मोठाच फायदा. पण डायलिसिसवरच्या रुग्णांत या गटातल्या औषधांची सुरक्षितता प्रामुख्याने इंजेक्शनशी तुलना करून पाहिली गेली आहे, आणि इंजेक्शनचा स्वतःचा धोका आपण वर पाहिला.

आपल्याकडचा प्रश्न मात्र बऱ्याचदा उलट्या टोकाचा असतो. २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची सोय वाढली. पण आठवड्यातून तीनऐवजी दोनदाच बसणारे पुष्कळ आहेत. इंजेक्शन अनेक ठिकाणी स्वतःच्या खिशातून आणावं लागतं, आणि महिना ओढाताणीचा असला की आधी तेच सुटतं. मग हिमोग्लोबिन ७ वर येतं आणि रक्ताची पिशवी शोधण्यासाठी धावपळ सुरू होते. १३ नको, हे त्या ४,०३८ लोकांनी शिकवलं. पण त्याच चाचणीत औषध नसलेल्या गटालासुद्धा ९ च्या खाली जाऊ दिलेलं नव्हतं. सात-आठ हिमोग्लोबिनवर दिवस काढणाऱ्या रुग्णाला ‘एवढं पुरे’ म्हणायला तो निकाल आधार देत नाही.