रिसॉर्ट संपते तिथून पुढे

समुद्रकाठच्या रिसॉर्टला आलेला पर्यटक एखाद्या दिवशी शेजारच्या राखीव किनाऱ्यावर चक्कर मारतो आणि तासाभरात परततो. तक्रार ठरलेली: तिथे काहीच नाही. ना बाक, ना छत्र्या. वाळूवर कुजकट वासाचे शैवाल, आणि मागे गवत-वेलींनी भरलेली वाळूची टेकाडे. तक्रार खोटी नाही. पण वाऱ्या-लाटांनी वाहणारी वाळू हद्द जाणत नाही, जमिनीखालचे पाणीही नाही. शेजारचे ते ‘काहीच नाही’ रिसॉर्टला चांगलेच उपयोगी पडत असते.

त्या कुजकट पट्ट्यापासूनच सुरुवात करू. भरतीची लाट जिथवर पोहोचते तिथे समुद्र शैवाल, शिंपले, लाकडाचे तुकडे टाकून जातो. रिसॉर्टसमोर हा ‘कचरा’ ओढून काढतात. राखीव किनाऱ्यावर तो पडून राहतो आणि त्याखाली वस्ती होते. ओले शैवाल जरा उचलले की अनेक किनाऱ्यांवर छोटे जीव टुणटुण उड्या मारत पांगतात. हे सँडहॉपर, म्हणजे कीटक नव्हेत, खेकडे-कोळंबीच्या गोतावळ्यातले. कोरड्या वाळूत भरकटले तर ते सुकून मरतात, त्यामुळे ओलावा कोणत्या दिशेला आहे हे कळणे त्यांच्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न असतो. 1950च्या दशकात इटलीतील लिओ पार्डी आणि फ्लोरियानो पापी यांनी दाखवून दिले, की हे जीव सूर्य पाहून दिशा ठरवतात. सूर्य आकाशात सरकत जातो, पण अंगातल्या घड्याळाच्या आधारे ते तेवढी दुरुस्ती करून घेतात! त्यांच्यावर किनारी पक्षी जगतात. किनारा घासूनपुसून स्वच्छ केला की पक्ष्यांच्या तोंडचा घास जातो. प्लॅस्टिक उचलायलाच हवे, शैवालाला मात्र हात लावू नये.

आता टेकाडांकडे. वाऱ्याने वाळू उडते म्हणजे बहुतेक कण जमिनीलगत उड्या घेत पुढे जातात. पडणारा कण आपटून पुढच्याला उडवतो. वाटेत एखादी वेल आडवी आली की वारा मंदावतो आणि कण तिथेच बसतात. उष्ण प्रदेशांतल्या किनाऱ्यांवर हे काम मोठ्या प्रमाणावर मर्यादवेल करते. वाळूत गाडली गेली तरी ती मरत नाही. नवी मुळे फोडत वर येते, पुन्हा वाळू अडवते. असे करत करत टेकाड उभे राहते.

हे टेकाड म्हणजे अडीअडचणीसाठी भरून ठेवलेली कणगी. वादळात मोठ्या लाटा त्याचा पायथा कापतात, ती वाळू खोल पाण्याकडे नेतात आणि तिथे पाण्याखाली तिचा बांध घालतात. पुढच्या लाटा त्या बांधावरच फुटतात आणि किनाऱ्यावर येईपर्यंत त्यांचा जोर ओसरतो. समुद्र शांत झाला की लहान लाटा हळूहळू तीच वाळू परत आणतात. टेकाड सपाट करून भिंत बांधली, तर लाट भिंतीवर आपटून मागे फिरते आणि पायाखालची वाळू उपसून नेते. भिंत राहते, पुळण जाते. समुद्रदर्शनाच्या हौसेपायी टेकाडे हटवणाऱ्यांना हे भूगर्भशास्त्रज्ञ कधीपासून सांगत आहेत.

लाटा तिरप्या येत असल्याने वाळू किनाऱ्याच्या कडेकडेनेही सरकत असते. त्यामुळे आज राखीव पट्ट्यात असलेली वाळू उद्या रिसॉर्टपुढे असू शकते, किंवा उलटेही.

याहून नवलाची गोष्ट टेकाडांच्या पोटात असते. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण समुद्राचे पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असते. या फरकातून एक सुबक गणित निघते: भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा 1 मीटर वर असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडे पाणी असू शकते. गणिताची दुसरी बाजू तितकीशी सुखाची नाही. उपशाने पातळी 1 मीटरने घटली आणि तशीच राहिली, तर खारे पाणी कालांतराने 40 मीटर वर चढू शकते. पोहण्याचे तलाव आणि हिरवळी विहिरींच्या पाण्यावर पोसल्या जातात, तिथे हा हिशेब विसरून चालत नाही.

टेकाडांचा अंधारही उपयोगी असतो. वाळूतून रात्री बाहेर पडणारी कासवाची पिल्ले काळोख्या टेकाडांकडे पाठ करून उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे धावतात. मागून दिवे चमकले तर ती उलटी फिरतात.

तेव्हा जायचे तर ओहोटीला, आणि चालायचे ओल्या वाळूवरून. टेकाडावर सतत पावले पडली की वेल तुटते, त्या फटीतून वारा वाळू पोखरू लागतो आणि पायवाटेची घळ होते. कोरड्या वाळूत आणखी एक धोका: चिखल्यासारखे पक्षी उघड्यावरच, नुसत्या खळगीत अंडी घालतात, आणि ती वाळूच्याच रंगाची असतात. एखादा छोटा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत तुमच्यापुढे चालू लागला, तर तो जखमी असेलच असे नाही. बहुधा तो तुम्हाला घरट्यापासून दूर नेतो आहे. मदतीला धावू नका, फोटोसाठी थांबू नका. आल्या पावलांवरूनच मागे फिरा, कारण तो नाटक करत असतो तेवढा वेळ अंडी भर उन्हात सावलीविना पडलेली असतात.