मोइसेस व्हिल बॅरन हिर्शने वसवलं नाही

अर्जेंटिनातल्या मोइसेस व्हिल या ज्यू शेतकऱ्यांच्या गावाबद्दल एकच गोष्ट फिरत असते, की बॅरन हिर्श नावाच्या श्रीमंत माणसाने जमीन घेतली, रशियातले गरीब ज्यू आणले आणि गाव वसवलं. असं झालेलं नाहीये.

लोक आधी आले. ऑगस्ट १८८९ मध्ये वेझर जहाजातून ८०० च्या वर माणसं, बहुतेक पोडोलियातली (आजचं युक्रेन), उतरली आणि कळलं की आधी ठरलेली जमीन मिळणारच नाही, मग पालासिओस नावाच्या जमीनदाराने सांता फे प्रांतात जमीन देऊ केली, तर तिथे ना घरं ना अवजारं, ही कुटुंबं रेल्वे स्टेशनजवळ कशीबशी राहिली, खायला नाही, त्यात साथ आली आणि साठेक लहान मुलं गेली. वाचताना पोटात तुटतं, आणि नेमकं हेच त्या गोष्टीतून गायब असतं. तरी रब्बी (ज्यू धर्मगुरू) आरोन गोल्डमन यांच्यासोबत बरेच जण टिकले, त्यांनीच गाव उभं केलं.

लोवेंथाल नावाच्या डॉक्टरांनी ही दशा स्वतः बघितली, ते हिर्शपर्यंत पोचलं आणि हिर्शची ज्यू कॉलनायझेशन असोसिएशन (ज्यूंना नव्या जागी वसवणारी संस्था) निघाली ती १८९१ मध्ये. पुढे त्या संस्थेने इथे जमीन घेतली, आणखी कुटुंबं आणली, ती मदत खरी आणि मोठीच होती.